सोमवार

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.
नरसय्या चिलवेरी, वय त्रेपन्न, विडी घरकुल.
"दिवसांचं नाही डाक्टर,
मला सोमवार होतो."

केसपेपरवर सोमवाराला रकाना नाही.
मी लिहिलं : खोकला, धाप.

थुंकीत जंतू नाहीत.
एक्सरे स्वच्छ, गच्चीवर वाळलेल्या पंचासारखा.
याआधी तिघांनी तीन सिरपं दिली,
एकाने दटावलं, विडी सोडा.
"ओढत नाही हो. बायको वळते."

"छातीत नक्की काय होतं?"
"आयासम्."
मी साताऱ्याची. मला वाटलं, आयास; कष्ट म्हणताहेत.
राजव्वा म्हणाल्या, आमच्या तेलुगूत धापेला म्हणतात तसं.
मी दोन्ही लिहून घेतलं.

रविवारी माग बंद.
कडक भाकरी, शेंगाचटणी, गाढ झोप.
सोमवारी खटका दाबला
की छातीभोवती कुणी ताणा आवळतं;
बुधवारी सैल होतो.
हल्ली मात्र गुरुवारपर्यंत सोमवारच असतो.

त्यांच्या भुवईत एक पांढरा तंतू अडकला होता.
मी तो चिमटीत धरला, खिडकीच्या उन्हात पाहिला.
तीस वर्षं, आणि इतका हलका.

पंप लिहिला. ओढायचा कसा ते दाखवलं.
खाली लिहिलं : सुतापासून लांब राहणे.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.
"हे दुसरं कुठल्या मेडिकलात मिळेल?"

मी उत्तर शोधत होते,
तोवर त्यांनी तपासणीच्या खाटेवरच्या चादरीचा
काठ उलटून पाहिला,
बोटाने दोनदा चोळला.
"आमच्याकडची नाही," म्हणाले.