अपूर्णविराम

अच्युतकाका गायधनींचा फोन सकाळी सातला,
थेट गंगेवरून. मागे कुणाचा तरी संकल्प चाललेला.
"अगं, चांदोरीचं अठरावं कूळ कोरं झालंय."
कोरं म्हणजे?
"पांढरं. पणजोबांच्या वहीतून दोन वर्षं उतरवलेलं सगळं.
माणसं समोर बसलीत डोकी भादरून,
त्यांना काय सांगू, तुम्ही नव्हतातच?"

इंदिरानगरहून स्कूटर काढली.
द्वारकेला तुंबलेलं, नेहमीसारखंच.
रामकुंडाशेजारी ओट्यावर लॅपटॉप, त्याच्यावर ओला पंचा.
(पंचा आधी उचलला.)

फाइलचं नाव चांदोरी:१८.
माझ्या एडिटरला वाटलं,
चांदोरी उघडायची नि अठराव्या ओळीवर जायचं.
चांदोरी नावाची फाइल नव्हतीच.
मग त्याने आज्ञाधारकपणे
एक नवी रिकामी चांदोरी काढून दिली,
वर कर्सर लुकलुकत.

ती ओळ माझीच. मागच्या अपडेटमधली, रात्री दीडची.
अपूर्णविराम दिसला की तोड,
पुढे आकडा असेल तर तो ओळक्रमांक.
देवनागरी आकडाही आकडाच, हे तिला ठाऊक होतं,
मला आठवलं नव्हतं.
टेस्ट सगळ्या हिरव्या;
त्यातली नावं मीच ठेवलेली ना,
आखूड, इंग्रजी, कुणाच्याच घरची नसलेली.

काका म्हणाले, "आम्ही आधी अख्ख्या नावाने शोधतो.
नाहीच सापडलं तर मग गाव निराळं, आडनाव निराळं.
तू आल्याआल्याच सोलायला बसलीस."

चार ओळी लागल्या.
आधी पूर्ण नाव घेऊन डिस्कला विचार.
असेल तर मुकाट उघड.
नसेल तरच तोड.
ओट्यावर बसून बिल्ड केलं,
तोवर एक कबूतर चार्जरवरून दोनदा चालून गेलं.

चांदोरी:१८.
एकशे बेचाळीस नावं, जिथल्या तिथे.
खाली सत्त्याहत्तर सालची नोंद :
सोबत धाकटी. नाव सांगितले नाही.
भादरलेल्या डोक्याचा माणूस वाकून वाचत होता.
"ती आत्या माझी," म्हणाला. "नाव... थांबा हं."
आणि घरी फोन लावायला नळाकडे गेला.

काकांनी 'धाकटी'पुढे एका बोटाने
अपूर्णविराम टाइप केला,
आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.
"याने काही मोडणार नाही ना?"