सामू

मकरपुरा जीआयडीसी, तिसरी पाळी.
काचेच्या सहा नळ्या वर जातात, खाली येतात,
मिनिटाला तीस वेळा.
पाणी सदतीस अंशांवर, म्हणजे कुणाच्याही पोटाइतकं,
आणि पहिले दोन तास निव्वळ आम्ल.

गोळ्यांना काही होत नाही.
होऊ नये, हे बघायचाच मला पगार मिळतो.

वहीत लिहिते : सामू १.२.
हा शब्द आमच्या मराठी शाळेच्या पुस्तकातला.
हेमांगी तेव्हा हसायची, सामू म्हणजे कोण गं,
मागच्या बाकावरचा का?
इथे सगळे पीएच म्हणतात. मीच एकटी अजून
त्या मागच्या बाकाची हजेरी घेते.

गोळीवर पापुद्रा असतो, केसाच्या जाडीचा.
त्यात पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या,
कडीकडीला एकेक हात,
हाताच्या मुठीत हायड्रोजनचा एकेक कण.
आंबट पाण्यात कुणी मूठ सोडत नाही.
बाहेर त्याच कणांची एवढी गर्दी, सोडून ठेवायचा कुठे?
साखळी पाय पोटाशी घेऊन बसते,
पाण्याला सांगते, घरात कुणी नाही.

हेमांगी आली मार्चमध्ये, नडियादहून, तिसऱ्यांदा.
दांडिया बाजारच्या दोन खोल्यांत
माईने विचारलं, मामीने विचारलं,
खालच्या जागृतीबेन गुडघे धरत जिना चढून आल्या,
शुं थयुं, बेटा?
ही भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर
दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची,
आवाज बंद करून.
दोन महिने. एक ओरखडा नाही.

रात्री तीनला मी आम्ल ओतून देते,
फॉस्फेटचं सौम्य पाणी भरते. सामू ६.८.
आता मुठी उघडतात.
ऐकणाऱ्याला वाटतं, मायेने विरघळली.
तसं नसतं.
कण सुटला की हातावर ऋण तेवढं उरतं,
आणि ऋणाला शेजारचं ऋण सोसत नाही.
तू तिकडे सरक, तू अजून तिकडे,
त्या ढकलाढकलीत साखळी ताणली जाते,
तिच्या फटींतून पाणी आत घुसतं,
पापुद्रा फुगतो, दुधाळतो,
आणि नळीत एकदम पांढरा धुरळा.
अकरा मिनिटं. चार नंबरची गोळी, तेरा.

हेमांगी बोलली तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं.
मी नुसता दिवा घालवून पंखा तीनवर केला होता.
जे निघालं त्यात गोड काही नव्हतं.
माईला ढकललं, मला ढकललं,
तिच्या लग्नात मी नेसलेल्या जांभळ्या साडीलासुद्धा.
उजाडताना आम्ही विश्वामित्रीच्या पुलावर होतो,
खाली मगर आहे की ओंडका, यावर भांडत.

एक प्रयोग वहीत नाही.
त्याच जातीच्या पॉलिमरचा जेलीसारखा तुकडा
बशीत ठेवून मी आम्ल घातलं. आटला.
त्याच बशीत अल्क. फुगला, फुलवडीसारखा.
पुन्हा आम्ल, पुन्हा अल्क, डबा खायच्या सुट्टीत, चाळा म्हणून.
आठव्या खेपेला तो पहिल्यासारखा फुगेना.
साखळी तुटली नव्हती. बशीत मीठ साचलं होतं.
आम्ल आणि अल्क आपसात मिटवून घेतात
तेव्हा पाणी होतं, आणि थोडं मीठ. दर वेळी.
मग ते मीठ हाताहातांच्या मधे येऊन बसतं,
कुणाचं कुणाला टोचू देत नाही,
आणि सगळं शांत दिसतं.

परवा नडियादहून फोन आला. मिटवून टाकू म्हणतात.
हेमांगी ताक घुसळत होती.
चमचा पुढे करून म्हणाली, बघ गं, मीठ जास्त झालं का.
मी चाखलं. काही बोलले नाही.
पाळीची वेळ झाली होती.

सहापैकी सहा. पास.
खाली सही, आणि तारीख.