इतिवृत्तात न आलेली गाठ

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात होती.
मंडप कंपनीचा, पाण्याच्या बाटल्या कंपनीच्या,
बाक तेवढे आमचे, पाचवी 'ब'चे,
त्यामुळे पाहुण्यांचे गुडघे हनुवटीशी आलेले.

मी ग्रामपंचायतीचा लिपिक. माझं काम लिहिणं.
विषय: आडखोल खाडीच्या तोंडाशी कोळशाची जेटी.
साहेब माइकवर पहिलं वाक्य बोलले, ते उतरवून घेतलं:
फक्त बाधित स्थानिकांनी बोलावे.

सरपंच बोलले. आंबेवाले बोलले.
मग जैबून होडेकर उठली,
डोक्यावरची पाटी खाली घेतली
आणि साहेबांच्या टेबलावर ओलं जाळं ओतलं.
फायलींवर. गुलाबाच्या गुच्छावर.
वास असा सुटला की
इन्स्पेक्टरने टोपी नाकाशी धरली.

"हे जाळं आमच्या बंदरातलं नाय," ती म्हणाली.
"उधाणात आलं. आत एक कासवीण होती, जिती.
कोयत्याने सोडवली. दीड तास गेला.
एवढा वेळ का लागला, विचारा साहेब."

साहेबांनी विचारलं नाही.
तिने सांगितलं.

चाळीस वर्षं जाळी शिवणारी बाई गाठ वाचते,
मी सही वाचतो तशी.
ही हिरवी दोरी, पीळ उलटा: ओमानकडची, सूरची.
नवरा तिथे अकरा वर्षं होडीवर होता,
सुट्टीत यायचा तेव्हा बोटं अशीच वळवायचा.
हे निळं ठिगळ दुसऱ्या कुणाचं, डावखुऱ्याचं,
घाईत मारलेलं, बहुतेक रात्री.
आणि ही काळी, बारीक…
ही तिलाही माहीत नाही.
कधीच न पाहिलेला हात.
"पण बाईचा आहे," ती म्हणाली. "शेवट दाताने तोडलाय."

"ही मंडळी स्थानिक आहेत का?" साहेब हसले.
मंडपही थोडा हसला.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
तिचा धाकटा दीर अशाच एका रेघेपलीकडे
चौदा महिने कोठडीत होता,
पापलेटांच्या मागे गेलेला.
पापलेटं त्याच आठवड्यात परत आली होती.
हे ती बोलली नाही. आम्हाला माहीत होतं,
म्हणून हसणं मध्येच थांबलं.

मग म्हणाली, तुमचा कोळसा जिथून निघणार
त्या बंदरातही बाया अशाच उभ्या आहेत.
नातवाने मोबाइलवर दाखवलं.
बोलणं कळलं नाही. हात कळले.
मागे खाडी, आपल्यासारखीच, तिवरं,
एकीच्या कडेवर पोर, ते माइक ओढत होतं.
त्यांनाही म्हणे विचारलं,
कोळसा तर परदेशी जाणार, तुमचं काय जातं?
"तिथली धूळ त्यांची, इथे उडेल ती आमची.
आणि मधल्या पाण्याचा सातबारा
कुणाच्या नावावर आहे ते सांगा.
त्याला बोलवा. तो बाधित आहे."

साहेब म्हणाले, वेळ संपली.
शिपायाने टेबल पुसलं.

इतिवृत्तात मी लिहिलं:
'एका महिलेने असंबद्ध वस्तू सादर केली.'
सांगितलं तसंच.
नोकरी आहे, पोरगी बारावीला आहे.

पण फाइल बांधायला नाडी सापडेना.
म्हणजे, सापडली असती. शोधली नाही.
जाळ्यातली हिरवी दोरी घेतली, हातभर,
आणि तिच्या ओसरीवर गेलो.
तिने बांधून दिली. काही विचारलं नाही.
बोटं अशी वळली, मग अशी,
दोनदा पाहूनही मला जमलं नाही.

काल जिल्ह्यातून फोन आला.
अर्धा तास झाला, फाइल सुटत नाहीये.
कुठली गाठ आहे ही?

भरती लागली होती. खिडकीतून दिसत होतं.
"इथलीच," मी म्हटलं.
"इथलीच आहे, साहेब."