टेबलाचं लाकूड

भवानी पेठेत वालजीभाई
फळीवर टिचकी मारतात, कलिंगड पारखावं तशी.
'हा साग. खडकीच्या जुन्या बराकीतला.
वाळून वाळून शहाणा झालाय.'
शिसव परवडत नाही.
आंबा स्वस्त, पण भुंगा लागतोच.

मग पॉलिश.
'पीयू मारा. काचच. कपाचा डाग उठणार नाही.'
श्रीरंगने मान डोलावली.

मला आठवला बाबांचा उजवा हात,
कप बशीवर टेकताना होणारी किणकिण,
आणि चहा सांडला की
घरभर उठणारी घाई:
फडकं कुठाय, फडकं!

'जवसाचं तेल,' मी म्हटलं.
'डाग पडतील, ताई.'
पडू देत.
जिथं जास्त पडतील
ती बाबांची जागा.

'दर दिवाळीला तेलाचा हात फिरवावा लागेल.'
फिरवू.