सांध्याला तेल

सावद्याच्या बसस्टँडमागे माझं दुकान:
झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म,
आणि ड्रॉवरमध्ये, पावतीपुस्तकाखाली,
लीलाधर फालकांची किल्ली.
किल्ली म्हणजे पासवर्ड. त्यांनीच दिलेला,
रेल्वेच्या जुन्या डायरीच्या पानावर, चार घड्या घालून,
जणू मुलीची पत्रिका देताहेत.

फालककाका भुसावळला सिग्नल खात्यात होते. तेहतीस वर्षं.
आता लिहितात.
दर मंगळवारी एक मजकूर:
कोणत्या वाऱ्यानं कुणाची केळी आडवी झाली,
भरताची वांगी काड्यांवर भाजावी की गोवऱ्यांवर,
रात्रपाळीतल्या सुपडू गँगमननं
धुक्यात रुळावर फटाका लावून मालगाडी कशी थांबवली.
वाचणारे चाळीस. त्यातला एक मस्कतला.

मी म्हणायचो, काका, तो तांबडा गोळा दिसतो ना,
आत सतराचा आकडा?
तेवढ्या गोष्टी जुन्या झाल्यात. अपडेट करू?
"चालू ऱ्हायलं ना भो. मंग त्याले कायले हात लावाचा?"
आणि खिशातले शेंगदाणे कीबोर्डशेजारी ठेवायचे.
विषय संपला.

मीही बटण दाबलं नाही, हेही सांगायला हवं.
आधी एका शाळेचं दाबलं होतं,
तर रात्रीत सगळी जोडाक्षरं सुटी झाली,
पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी,
मुख्याध्यापकांचं नाव त्यांच्या बायकोलाही वाचता येईना.
तेव्हापासून माझं बोट
त्या गोळ्यापाशी जाऊन माघारी यायचं.

मग तो मे. सत्तेचाळीस अंश.
कूलर नुसताच गरम वारा फेकत होता.
काकांचा फोन: "माझ्या सुपडूले कोनी तरी जुगारात बसवलं."
उघडलं तर खरंच.
धुकं होतं, फटाका होता, मालगाडी होती,
आणि दर तिसऱ्या ओळीत पत्त्यांचा अड्डा,
वजन उतरवायच्या गोळ्या,
परक्या लिपीतलं काहीबाही.
दार कुणी फोडलं नव्हतं.
एक खिट्टी अडीच वर्षांपूर्वी झिजली होती
आणि झिजल्याचं साऱ्या जगाला कळवलं होतं.
आम्हालाही. तांबड्या गोळ्यातून.

तीन रात्री लागल्या.
बॅकअप होता तो मागच्या आखाजीचा,
पुढचे मंगळवार एकेक करून हातानं वेचले,
बोंडातून अळी काढावी तसे.
लाइट जायची, इन्व्हर्टर कण्हायचा,
काका स्टुलावर, पाठ ताठ.
तिसऱ्या रात्री मला राहवलं नाही.
म्हटलं, काका, तांबडा ओलांडून अडीच वर्षं गाडी हाकलीत तुम्ही,
आणि मी कंदील धरून बाजूला उभा होतो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, यार्डाच्या टोकाला एक सांधा होता.
त्यावरून महिनोन्महिने गाडी जायची नाही.
तरी दर पंधरवड्याला जायचं,
काळं तेल पुसायचं, नवं घालायचं,
खटका ओढून बघायचा, वहीत सही करायची.
नवीन पोरं विचारायची, गाडीच नाही तर कशासाठी?
"गाडीसाठी नाही," म्हणायचो मी. "गंजासाठी.
गंजाले रविवार नसतो."
एवढं बोलून थांबले.
स्वतःचंच वाक्य
शेंगदाण्यातल्या खवट दाण्यासारखं तोंडात आलं असावं.

आता एक मंगळवार आड येतात.
लाल-निळी पेन्सिल, आखीव वही:
तारीख, जुना आकडा, नवा आकडा, हजर कोण.
"आधी नक्कल काढली?"
काढली.
"दुसऱ्या जागी ठेवली?"
ठेवली.
"मंग ओढ."
मी बटण दाबतो.
पडद्यावर एकच ओळ येते,
देखभालीसाठी क्षणभर बंद,
आणि त्या क्षणात काका स्टुलावरून उठून उभे राहतात,
हात किंचित वर,
गाडी पास होताना राहायचे तसे.
मी हसत नाही. एकदा हसलो होतो.

पान परत येतं.
काका चश्मा कपाळावरून खाली घेतात
आणि पहिल्यांदा एकच शब्द शोधतात, रात्रपाळी.
त्र शाबूत आहे का, एवढंच बघतात.
मग सही.