सुतळीचा नकाशा

विश्रामबागेतला तिसरा मजला, रिकामा फ्लॅट.
मोबाइल छातीशी धरून मी भिंतीभिंतीनं फिरते.
'हळू फिरवा,' पडद्यावर अक्षरं येतात,
'फरशी शोधत आहे.'
फरशी पायाखालीच आहे की रे बाबा,
पण याला ती सापडेपर्यंत
टेंपोवाल्याचे दोन फोन येऊन जातात.

मग एकदम पांढरे ठिपके उगवतात,
भोकांच्या कागदावरून रांगोळी फिरवावी तसे.
या कोपऱ्यावर बोट. त्या कोपऱ्यावर बोट.
तीन मीटर बारा. दोन चौऱ्याऐंशी.
स्वयंपाकघर, संडास, गॅलरी
एकेक रेघ होऊन तळहातावर येतात.

आण्णा दाराशी खुर्चीवर, मान जराशी तिरकी,
उजेड येतो त्या बाजूला.
गेल्या दिवाळीपासून उजेड तेवढा कळतो त्यांना,
उजेडात काय आहे ते नाही.
छत्तीस वर्षं मार्केट यार्डात तोलाईदार.
हळकुंडाचं पोतं काट्यावर चढायच्या आधी
नुसता कुशीला हात लावून सांगायचे,
"एकोणपन्नास. त्यात दोन किलो पाणीच हाय."
आता विचारतात,
"एक मीटर म्हंजे माझी किती पावलं गं?"

मेनू उघडते. मीटर, फूट, इंच.
आण्णांचं पाऊल त्यात नाही.
मग उठवते त्यांना. भिंतीला टाच,
अंगठ्याला टाच, परत अंगठ्याला टाच.
हॉल साडेबारा पावलं.
"अर्धं कुठं टाकू?" ते विचारतात,
आणि मला उत्तर सुचत नाही.

बेडरूममध्ये आधीच्या मालकानं
भिंतभर आरसा सोडून दिलाय.
ॲपनं आरशाच्या आत आणखी एक खोली काढली.
दार नसलेली, चौऱ्याण्णव चौरस फूट, फुकट.
पुसता पुसता मी त्यांना सांगितलं.
आण्णा हसले, या आठवड्यात पहिल्यांदा.
"मापात पाप," म्हणाले,
"आधी काटा बघावा, मग माल, मग माणूस."

रात्री हरिपूर रोडच्या घरात,
जिथं दोनदा पाणी आलं म्हणून हा तिसरा मजला,
फॅनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी प्लॅन उतरवला.
एका पावलाला एक बोट.
रेघांवर डिंकानं सुतळी चिकटवली,
त्यांच्याच पेटीतली, दाभणासकट उरलेली,
अजून हळदीचा वास धरून बसलेली.
दाराच्या जागा मोकळ्या.
संडासाला एक गाठ.
गॅसपाशी दोन, हात आखडता यावा म्हणून.

वाळायच्या आधीच त्यांची बोटं सुतळीवरून निघाली,
पोतं शिवताना जायची तशी, टाक्याटाक्यानं.
हॉल. वळण. गाठी. मागं.
संडासाच्या दाराशी थांबली.
"हितला उंबरा?"

कुठला उंबरा?

"मोजताना अंगठा आपटला न्हवं माझा.
बोटभर उंच हाय."

मी मोबाइल काढून पाहिला.
लांबी आहे, रुंदी आहे, छताची उंचीसुद्धा,
दार कुठल्या बाजूला उघडतं तेही.
बोटभर उंबऱ्यावरून ते उडत गेलं होतं
आणि त्याच्या मागोमाग मीही,
दोन धडधाकट डोळे घेऊन.

सुतळी तोडली, दुहेरी केली.
"तिहेरी कर," आण्णा म्हणाले, "रात्रीचं लागतंय."

आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावून
मी भांड्यांची खोकी बांधायला गेले.

पहाटे पाहते तर त्यांच्या बोटांवर
डिंकाचे वाळलेले पापुद्रे,
आणि पुठ्ठ्यावर हॉलची एक भिंत
हलकेच उचलून बाहेर सरकवलेली.
बोट लावून बघितलं. अर्धं बोट.

छत्तीस वर्षांत ज्यांनी काट्याला
कधी फुंकर घातली नाही,
ते समोर बसून चहात खारी बुडवत होते.
मी काही बोलले नाही.
आठला टेंपो यायचा होता.