परवानगी नाकारली

सूतगिरणीच्या भंगार लिलावात
चौदाशेला मिळाला हा डबा.
आतली विंडोज अधूनमधून स्क्रीन काळी करून
विचारायची, तुमची फसवणूक तर झाली नाही ना?
चोरीची होती. मला माहीत होतं, तिलाही.
म्हणून एका रविवारी लिनक्स टाकलं
आणि डब्यावर चिकटवला पेंग्विन.
अमळनेरात, मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत,
कूलरच्या झोतासमोर
घरात तेवढा तोच खूश.

मग सुरू झालं.
प्रिंटर दिसतो, छापत नाही.
फुलाबाईंचा उत्पन्नाचा दाखला तीनदा पाठवला,
चौथ्यांदा तिन्ही एकदम आले. आडवे.
आवाज फक्त डाव्या कानात.
झोपवलं की उठत नाही;
नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात,
तसं बटण दाबून धरावं लागतं, दहा मोजेपर्यंत.
अपडेट झालं आणि वायफाय गेलं,
आणि गेलेलं वायफाय कसं आणायचं
हे शोधायला वायफाय लागतं.
फोनवर वाचत एकेक अक्षर टंकलं,
छोट्या रेघेच्या जागी मोठी रेघ पडली
एवढ्यावरून रात्रीचे दोन.

मशीन माझं, वीजबिल माझं,
टेबल सासऱ्यांनी दिलेलं, म्हणजे तेही माझंच,
तरी दर वेळी विचारणार, आपण कोण?
पासवर्ड टाकताना ठिपकासुद्धा उमटत नाही.
पहिल्या दिवशी मला वाटलं, कीबोर्ड मेला.

धरणगावहून प्रणित आला सुट्टीला.
दप्तर टाकलं न टाकलं तोच,
'काका, यावर गेम चालस का नही?'
'चालस,' म्हटलं, 'पन थांबनं पडी.'
जळगावहून आणलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड,
त्याचं आणि लिनक्सचं भाऊबंदकीचं वैर;
आठवडाभर मी मध्यस्थी केली.
मग शेडर शिजायला ठेवले.
आठ हजार चारशे बत्तीस.
प्रणितने पावशेर शेव संपवली,
एक झोप काढली, उठून विचारलं, किती?
सहा हजार.

पण लागला. खरंच लागला गेम.
बर्फातला घाट, लाल गाडी, वळणावर धूर.
डब्याचा पंखा पिठाच्या चक्कीसारखा,
आणि प्रणित हसतोय.
मी उगाच खिडकीबाहेर पाहिलं,
कुणी बघतंय का.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या हर्षूने बोलावलं, ऑनलाइन ये.
दारात पहारेकरी:
लबाडी पकडणारा प्रोग्राम.
त्याला घरात शिरून पार तळघरापर्यंत जायचं असतं,
आमच्या तळघराची किल्ली त्याच्याकडे नाही.
म्हणाला, संशयास्पद. बाहेर.
हर्षूची विंडोज त्याच पेनड्राइव्हवरची
ज्यावरून माझी आली होती.
हर्षूला भिंतीपलीकडची माणसं दिसतात,
कुठलासा जुगाड बसवलाय त्याने.
तो आत.
अख्ख्या गल्लीत कागद सरळ असलेला
एकच संगणक,
आणि चोर तो.

'काका, काय करं व्हतं आपन?'
मला उत्तर सुचेना.
रोहिदास सरांना फोन केला, त्यांनीच लावलेलं हे वेड.
म्हणाले, धीर धर, पुढचं वर्ष आपलं.
दोन हजार अकरापासून म्हणताहेत,
आणि खोटं तरी कसं म्हणू?
अकरा साली पत्त्यांपलीकडे काही चालत नव्हतं,
काल घाटात बर्फ पडला.

रात्री बंद करायला गेलो.
कुठलंसं एक काम थांबायला तयार नाही,
दीड मिनिट वाट बघतोय, म्हणाला.
काळ्या स्क्रीनवर सेकंद वाढत होते,
आम्ही दोघं समोर बसून मोजत होतो,
कूलर टपटपत होता.
एकाहत्तरला प्रणित म्हणाला,
'सकाळे घाट लावशी का?'
बहात्तर.
त्र्याहत्तर.